कॅन्सरचा पेशंट घरी आणताय? रात्री दोन वाजताचं दुपारीच ठरवून ठेवा

माझ्या आईला गालाचा कॅन्सर निघाला तेव्हा ती 62 वर्षांची होती. पाटण तालुक्यातल्या आमच्या गावात तिच्या वयाच्या बहुतेक बायका मिश्री लावतात, तशी तीही लावायची. मुंबईत ऑपरेशन आणि रेडिएशन झालं, सव्वा वर्षानं दुखणं उलटलं, मग कराडला किमो, आणि शेवटचे 7 महिने ती घरीच होती. दादा, वहिनी आणि मी, आम्ही तिघांनी मिळून तिचं केलं. आमच्यापैकी कुणीच आरोग्य क्षेत्रातलं नाही. मी शाळेत शिकवते.

रुग्णालयात चोवीस तास कुणीतरी असतं. घरी आल्यावर रात्री दोन वाजता नाकातली भरवायची नळी निघते, ताप चढतो, जखमेतून रक्त येतं, आणि निर्णय घ्यायला आपण एकटे असतो. त्या वेळी डोकं चालत नाही. म्हणून सगळी तयारी दिवसाउजेडी करायची. आम्हाला हे चुका करून कळलं, तुम्हाला आधीच कळावं म्हणून लिहिते आहे. आई तोंडाच्या कॅन्सरची पेशंट होती, त्यामुळे नळी, तोंड आणि जखम यांबद्दल जास्त लिहिलंय. बाकीचं बहुतेक सगळ्याच कॅन्सरना लागू पडेल. औषधाचा डोस मात्र तुमच्या डॉक्टरांनी सांगितला तोच.

1. डिस्चार्जच्या आधी विचारून घ्यायचे प्रश्न

डिस्चार्जच्या दिवशी बिल, गाडी आणि सामान यांच्या गडबडीत विचारायचं राहून जातं. आदल्या दिवशीच वही घेऊन नर्सताईंकडे जा आणि उत्तरं लिहून घ्या:

- किती ताप आला की फोन करायचा आणि कुणाला? रात्रीचा नंबर कोणता?
- कोणती गोळी कुटून चालते, कोणती चालत नाही?
- दोन डोसच्या मधेच दुखलं तर काय द्यायचं?
- ड्रेसिंग किती दिवसांनी, कुणी, कशानं करायचं?
- नळी निघाली किंवा तुंबली तर जवळ कुठे जायचं?

ड्रेसिंग असो की नळीतून भरवणं असो, नुसतं बघून येऊ नका. त्यांच्यासमोर तुमच्या हातानं एकदा करून दाखवा. वहिनीनं तसा हट्ट धरला म्हणून घरी आल्यावर तिचा हात थरथरला नाही.

2. सामान

सगळं विकत घेऊ नका. बऱ्याच तालुक्याच्या गावी रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं असतात. अनामत ठेवून फाउलर बेड (डोक्याकडची बाजू वर करता येणारा पलंग), एअर बेड (पंपानं हवा भरायची गादी), व्हीलचेअर, कमोडची खुर्ची अगदी थोड्या भाड्यात मिळते. आम्ही एअर बेड असाच आणला होता.

घरात असायलाच हवं असं: डिजिटल थर्मामीटर, 50 मिलीच्या दोन सिरिंज, हातमोजे, गॉज, सलाइनच्या बाटल्या, चिकटपट्टी, बेडपॅन, रबरी किंवा प्लास्टिकची चादर, अंडरपॅड, गडद रंगाचे तीन-चार टॉवेल (का ते पुढे सांगते) आणि वाजवायला एक घंटी. आईला बोलता येत नव्हतं. देवघरातली घंटा तिच्या उशाशी ठेवली आणि त्या रात्रीपासून मला झोप लागायला लागली.

3. वही

दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर औषध आणि वेळ, उजव्या पानावर ताप, पोटात किती गेलं, लघवी, संडास, दुखणं दहापैकी किती. ज्यानं दिलं त्यानं लगेच टिक करायची. तीन माणसं आलटून पालटून करतात तेव्हा "मला वाटलं तू दिलंस" हे हमखास होतं. आमच्याकडे एकदा दुखण्याची गोळी दोनदा गेली आणि एकदा गेलीच नाही.

डॉक्टरांना फोन केल्यावर "बरं वाटत नाहीये" म्हणण्यापेक्षा "काल सकाळपासून 600 मिलीच गेलंय, लघवी दोनदा, संडासला चार दिवस नाही" असं सांगितलं की ते लगेच मुद्द्यावर येतात. वहीच्या पहिल्या पानावर फोन नंबर आणि ऍलर्जी, शेवटच्या पानावर खर्च.

4. कागदपत्रं

एकाच फाइलमध्ये: डिस्चार्ज समरी, बायोप्सीचा रिपोर्ट, स्कॅनचे रिपोर्ट आणि सीडी, चालू औषधांची यादी, आधार, रेशनकार्ड. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स, आणि सगळ्याचे फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या रुग्णालयात योजनेचे मदतनीस, आरोग्यमित्र बसतात, त्यांना आधी भेटा. टोल फ्री क्रमांक 155388. मात्र ही योजना रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहे. गॉज, डायपर, एअर बेड यांचा खर्च आपलाच, तो महिन्याच्या हिशेबात धरा.

उपचारासाठी रेल्वेनं जायचं असेल तर रुग्णालयातून सवलतीचा फॉर्म डॉक्टरांच्या सहीशिक्क्यासह घ्या. कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीत पूर्ण तिकीट माफ असतं, सोबतच्या एका माणसाला 75 टक्के सवलत. आम्हाला हे चौथ्या फेरीला कळलं, तेही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत भेटलेल्या जळगावच्या एका काकांकडून.

5. किमोनंतरचा ताप

हा भाग दोनदा वाचा.

किमोमुळे पांढऱ्या पेशी कमी होतात. किमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांच्या दरम्यान त्या सगळ्यात खाली असतात. त्या काळात 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप म्हणजे "बघू सकाळी" म्हणायची गोष्ट नाही. त्याच तासाला डॉक्टरांना फोन, आणि त्यांनी सांगितलं तर मध्यरात्रीही दवाखाना. इन्फेक्शन काही तासांत रक्तात पसरू शकतं.

दुसऱ्या किमोनंतर नवव्या दिवशी आईला रात्री 101 ताप होता. मी पॅरासिटामॉल दिली, ताप उतरला, आम्ही निर्धास्त झोपलो. सकाळी तिचे हातपाय गार आणि बीपी खाली. 5 दिवस ऍडमिट होती. ताप गोळीनं दबला होता, इन्फेक्शन आत वाढत होतं. विचारल्याशिवाय तापाची गोळी देऊ नका. थंडी वाजून हुडहुडी भरली असेल तर थर्मामीटर काहीही सांगो, फोन करा.

या दिवसांत कच्ची कोशिंबीर, उघड्यावरची कापलेली फळं, बाहेरचा उसाचा रस बंद. पाणी उकळून. भेटायला येणाऱ्या सर्दीवाल्याला दारातूनच परत पाठवायचं. "त्यांना काय वाटेल" हा विचार मनात येतो, मलाही आला. दादानं दारावर कागदच लावला: किमो चालू आहे, फोनवर बोला.

किमोनंतर 48 तास पेशंटची लघवी, संडास, उलटी साफ करताना हातमोजे घाला, फ्लश झाकण लावून दोनदा करा, खराब कपडे वेगळे धुवा. त्या औषधाचा अंश त्यात उतरतो. घरात गरोदर बाई असेल तर तिला हे काम अजिबात देऊ नका. पेशंटला जवळ घ्यायला, हात धरायला काहीच हरकत नाही, हे मुद्दाम सांगते, कारण आमच्या शेजारच्या मावशी आईच्या पलंगाला हात लावायलाही घाबरायच्या. कॅन्सर स्पर्शानं लागत नाही.

6. नाकातल्या नळीतून भरवणं

नळी म्हणजे राइल्स ट्यूब, नाकातून थेट पोटात जाणारी. नाकाशी तिच्यावर जी खूण असते, ती रोज भरवायच्या आधी बघा. खूण बाहेर आली असेल, चिकटपट्टी सुटली असेल किंवा खोकला येत असेल तर काहीही घालू नका, नळी सरकली असू शकते.

क्रम असा:

डोक्याची बाजू 45 अंशांपर्यंत वर. आडवं झोपवून कधीही नाही. सिरिंजनं हलकं ओढून पोटातलं पाणी येतं का बघा. मग 30 ते 50 मिली पाणी. मग पातळ अन्न, एका वेळी साधारण 200 मिली, सिरिंजचा दट्ट्या काढून, उंच धरून, आपोआप उतरेल असं. ढकलायचं नाही. 15 ते 20 मिनिटं लागतात आणि ती लागू द्यायची. शेवटी परत पाणी, नळीचं झाकण, आणि पुढचा किमान अर्धा-पाऊण तास बसतंच ठेवायचं.

खोकला, ठसका, ओठ निळसर दिसले तर तिथेच थांबा.

काय द्यायचं? डाएटिशियननं दिलेला तक्ता वहीत चिकटवा. आईला मुगाच्या डाळीचं पाणीदार वरण, नाचणीची पेज, दुधात प्रोटीन पावडर, भाज्यांचं सूप असं दर दोन-अडीच तासांनी चालायचं. मिक्सरमधून काढल्यावर बारीक गाळणीनं गाळाच. मोहरी-जिऱ्याची फोडणी घातली की नळी तुंबलीच म्हणून समजा. एकदा तुंबली तर कोमट पाण्यानं हळू मागेपुढे करून बघायचं, तार घालायची नाही, जोर करायचा नाही. सकाळी केलेलं अन्न दुपारपर्यंत ओट्यावर ठेवू नका, आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन तासांत आंबतं.

नळी पूर्ण निघाली तर घरी परत घालू नका. ती श्वासनलिकेत जाऊ शकते. एक-दोन फीड चुकल्यानं फारसं बिघडत नाही, पण मधुमेह असेल किंवा दुखण्याचं औषध नळीतूनच जात असेल तर लगेच फोन करा.

7. तोंड

एक ग्लास उकळून गार केलेल्या पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा. दर तीन-चार तासांनी गुळणी. गुळणी जमत नसेल तर गॉज भिजवून हलक्या हातानं पुसायचं. लहान मुलांचा मऊ ब्रश वापरा. बाजारचे झोंबणारे माउथवॉश नकोत. जिभेवर, गालात पांढरे चट्टे आले तर ती बुरशी असू शकते, तिच्यावर औषध आहे.

रेडिएशननंतर जबडा आवळत जातो. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायचा व्यायाम डॉक्टर शिकवतात. आज किती काड्या बसल्या ते वहीत लिहायचं. आई सुरुवातीला चिडायची, पण हा व्यायाम सोडला तर पुढे चमचाही आत जात नाही.

रेडिएशन चालू असेल त्या जागेवर साबण, तेल, हळद, लेप काही नाही. कातडी भाजल्यासारखी होते, तिला मोकळा सुती कपडा लागतो. रेडिएशनसाठी कातडीवर काढलेल्या खुणांच्या रेषा पुसू नका.

8. जखम, वास आणि रक्त

याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी स्पष्ट लिहिते.

वाढलेल्या गाठीची कातडी फुटली की जखमेला वास येतो. पेशंटला तो सगळ्यात आधी कळतो आणि तो माणसांपासून दूर राहायला लागतो. आईनं नातवंडांना जवळ घेणं बंद केलं होतं. वास जंतूंमुळे येतो आणि कमी करता येतो. रोज सलाइननं धुवायचं, आणि डॉक्टरांनी सांगितलं तर मेट्रोनिडाझोलच्या गोळीची बारीक पूड जखमेवर घालायची. आठ दिवसांत इतका फरक पडला की ती अंगणात येऊन बसायला लागली. उदबत्ती, धूप, सेंट यांनी वास जात नाही, वर धुरानं श्वासाला त्रास.

चिकटलेलं गॉज ओढू नका. सलाइननं भिजवून पाच मिनिटं थांबा, आपोआप सुटतं.

जखमेवर माश्या बसू देऊ नका, दिवसाही मच्छरदाणी लावा. तरीही अळ्या दिसल्या तर ते तुमच्या निष्काळजीपणाचं लक्षण मानून लपवू नका, डॉक्टरांना सांगा. त्यांनी हे पुष्कळदा पाहिलेलं असतं आणि अळ्या काढता येतात.

रक्त येऊ शकतं असं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर गडद टॉवेल हाताशी ठेवा. पांढऱ्या कापडावर थोडं रक्तही खूप दिसतं, पेशंट आणि आपण दोघंही घाबरतो. टॉवेल घडी करून दाबून धरायचा, उचलून उचलून बघायचं नाही, आणि दुसऱ्यानं फोन करायचा.

9. दुखणं सहन करायचं नसतं

आई पाटीवर लिहायची, "सोसतंय की." तिच्या पिढीला सोसण्याचं कौतुक शिकवलेलं होतं. पण दुखत असेल तर माणूस झोपत नाही, खात नाही, बोलत नाही. कॅन्सरच्या बहुतेक वेदना औषधांनी आटोक्यात येतात.

मॉर्फिनचं नाव ऐकून आमच्या घरात रडारड झाली होती. दादाला वाटलं, आता संपलं. तसं नाही. मॉर्फिन वेदनेसाठी असतं, दिवस मोजण्यासाठी नाही. काही पेशंट ते घेत महिनोन्महिने हिंडतात-फिरतात. वेदनेसाठी डॉक्टरांच्या सल्ल्यानं घेतलं तर व्यसन लागण्याची भीतीही सहसा धरू नये. काही नियम मात्र कडक पाळा:

- साधी गोळी साधारण दर चार तासांनी असते. दुखायची वाट बघायची नाही, घड्याळाप्रमाणे.
- सावकाश विरघळणारी गोळी कुटून नळीतून देऊ नका. सगळा डोस एकदम अंगात जातो.
- बद्धकोष्ठ होणारच. पहिल्या दिवसापासून डॉक्टरांकडून जुलाबाचं औषध मागून घ्या. घरात इसबगोल असतंच, पण ते इथे नको. आतडी मंद झालेली असताना ते आत घट्ट बसतं.
- पहिले दोन-तीन दिवस गुंगी आणि मळमळ असते, ती बहुधा कमी होते. हाक मारून, हलवूनही जाग येत नसेल किंवा श्वास फारच सावकाश झाला असेल तर ताबडतोब फोन.
- कातडीवर लावायचा फेंटानिलचा पॅच असेल तर तो साधारण 72 तासांनी बदलतात. त्यावर गरम पिशवी ठेवू नका.
- कुलपात ठेवा, मोजून ठेवा.

मॉर्फिन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. 2014 मध्ये अमली पदार्थांचा कायदा बदलल्यापासून मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं झालं आहे, पण तरी तालुक्याला मिळेलच असं नाही. 7 दिवसांच्या गोळ्या उरल्या की पुढच्या आणायला निघा. गणपतीच्या सुट्टीत आमच्या गोळ्या संपल्या आणि त्या दीड दिवसात आईनं जे सोसलं ते माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेचा डॉक्टर लवकर शोधा. "उपचार संपले की तिकडे" हा गैरसमज आहे, किमोच्या जोडीनंही ही सेवा घेता येते. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन 1986 पासून आहे, पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचं केंद्र 1997 पासून, तिथे सेवा विनामूल्य आहे. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करा.

10. अंथरुणाला खिळल्यावर

दर दोन तासांनी कूस बदला. एअर बेड असला तरीही. माकडहाड, टाचा, खांद्याची हाडं रोज उजेडात बघा. लाल डाग दाबल्यावरही लालच राहिला तर जखम सुरू होते आहे. त्या डागाला चोळू नका, मालिश नको, त्या कुशीवर झोपवू नका. चादरीला सुरकुती नको, ओलं राहायला नको. सरकवताना ओढू नका, चादरीसकट दोघांनी उचला.

दम लागत असेल तर खिडकी उघडा आणि छोटा पंखा चेहऱ्यावर वारा येईल असा लावा. इतक्या साध्या गोष्टीनं खरंच बरं वाटतं.

11. पैसे उकळणारे

नातेवाइकांचा फोन येतो, अमुक गावी एक वैद्य आहे, हमखास बरं करतो. आम्ही एका ठिकाणी 18 हजार दिले. पुडीत काय होतं ते त्यानं सांगितलं नाही, आईला कावीळ झाली आणि किमो तीन आठवडे लांबली. पुडीत काय आहे हे जो लिहून देत नाही, त्याचं औषध पोटात जाऊ देऊ नका. घरचे उपाय करायचे असतील तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगा.

12. करणाऱ्यांच्या पाळ्या

पहिला महिना सगळे उत्साहात जागतात, दुसऱ्या महिन्यात सगळेच आजारी पडतात. पाळ्या कागदावर लिहा. बहुतेक घरांत सगळं सुनेवर पडतं, आमच्याकडेही पडलं होतं. मग दादानं रात्री 10 ते 2 आणि आंघोळीचं काम घेतलं. "काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्यांना नेमकं काम सांगा: मंगळवारी दळण, शुक्रवारी औषधं आणायला कराड. मन फारच खचलं तर टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, मराठीतही बोलतात. मी दोनदा बोलले.

पेशंटपासून आजार लपवू नका. आम्ही पहिले चार महिने "गाठ आहे, बरी होईल" म्हणत राहिलो. तिला सगळं माहीत होतं, ती आमच्यासाठी गप्प होती. आम्ही मोकळेपणानं विषय काढल्यावर तिनं पाटीवर लिहून दिलं की पाटल्या कुणाला द्यायच्या आणि शेवटी दवाखान्यात न्यायचं नाही.

13. शेवटचे दिवस

भूक जाते, झोप वाढते, हातपाय गार पडतात, घशात घरघर येते. त्या वेळी बळंच भरवू नका, शरीराला ते पेलत नाही. ओठ ओले ठेवा, कुशीवर वळवा. घरघरीवर, तगमगीवर कोणतं औषध द्यायचं ते आधीच विचारून आणून ठेवा. घरी मृत्यू झाला तर दाखला द्यायला कोणते डॉक्टर येतील, त्यांच्याशीही आधीच बोला. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते. मृत्यूच्या दाखल्याच्या दहा तरी प्रती घ्या. बँक, पेन्शन, सातबारा सगळीकडे लागतात.

उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या कचऱ्यात टाकू नका किंवा दुसऱ्या पेशंटला देऊ नका, जिथून आणल्या तिथे मोजून परत करा. एअर बेड साबणाच्या पाण्यानं पुसून सावलीत वाळवा, पंप चालवून बघा आणि लवकर परत न्या. आम्ही तेराव्यानंतर नेला तेव्हा केंद्राच्या दारात एक मुलगा त्याचीच वाट बघत बसला होता. दादानं पंपाची नळी कशी जोडायची ते त्याला तिथेच दाखवलं.